लेखापाल अर्हतेची परदेशातील मान्यता

लेखापाल अर्हतेची परदेशातील मान्यता म्हणजे एका देशात परीक्षा व उमेदवारी पूर्ण करून मिळवलेली लेखापालाची सनद दुसऱ्या देशातील व्यवसायसंस्थेने किंवा शासनाने पूर्णतः वा अंशतः ग्राह्य धरणे. स्थलांतर करणाऱ्या लेखापालाच्या दृष्टीने या मान्यतेची तीन वेगवेगळी अंगे आहेत. पहिले अंग देशात प्रवेश व वास्तव्य मिळवण्यासाठी होणारे शैक्षणिक मूल्यमापन, दुसरे तेथील संस्थेचे सदस्यत्व व पदनाम, आणि तिसरे लेखापरीक्षण अहवालावर सही करण्याचा परवाना. पहिले मिळाले म्हणजे उरलेली दोन मिळाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे.

प्रस्तुत लेखात मुख्यत्वे भारतीय सनदी लेखापालांचा, त्यातही मुंबईतून परदेशी जाणाऱ्यांचा विचार केला आहे. भारतातील लेखाशिक्षणाची पायाभरणी बव्हंशी याच शहरात झाली, आणि मान्यतेचा प्रश्नही प्रथम येथेच, देशाच्या सीमा ओलांडण्यापूर्वी, उपस्थित झाला.

संज्ञा

'सनद' हा अरबी-फारसीतून मराठीत रुळलेला शब्द असून शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रांत तो अधिकारपत्र या अर्थाने वारंवार येतो. इंग्लंडमध्ये १८८० साली राजसनद मिळालेल्या संस्थेचे सदस्य 'चार्टर्ड' म्हणवले जाऊ लागले. भारतात १९४९ साली हेच विशेषण स्वीकारले गेले तेव्हा ते देणारा राजा नव्हता. ते संसदीय कायद्याने दिले. 'सनदी लेखापाल' हा मराठी प्रतिशब्द त्यामुळे मूळ इंग्रजी शब्दापेक्षा अधिक नेमका म्हणता येईल, कारण सनद कोणी दिली याविषयी तो काहीच गृहीत धरत नाही. बोलण्यात मात्र 'सीए' हाच शब्द सर्वत्र वापरला जातो.

इतिहास

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारी पेढ्यांचे हिशेब देशी नाम्याने, म्हणजे रोजकीर्द व खतावणी यांच्या आधारे ठेवले जात. हिशेब लिहिणारा मेहता किंवा दिवाणजी पेढीतच तयार होई. त्याला कोणाचे प्रमाणपत्र लागत नसे. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे पहिल्या कापडगिरणीची उभारणी केली आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत भागभांडवलावर चालणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. भागधारक अनेक आणि कारभार पाहणारे एजंट मूठभर, अशा या व्यवस्थेत हिशेब तपासणाऱ्या त्रयस्थ माणसाची गरज निर्माण झाली.

१९१३ च्या भारतीय कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाला विहित पात्रता असणे आवश्यक ठरवले. त्यानुसार प्रांतिक सरकार जे मर्यादित प्रमाणपत्र देई, त्याचे स्वरूप आज विलक्षण वाटते. ते केवळ त्या प्रांतापुरतेच ग्राह्य असे, आणि ज्या भाषेतील हिशेब तपासता येतील ती भाषाही त्यावर नमूद असे. म्हणजे गिरगावात राहून मुंबई इलाख्याचे असे प्रमाणपत्र मिळवलेल्या लेखापरीक्षकाला मध्य प्रांतातील कंपनीचे हिशेब तपासून सही करता येत नसे. याउलट सरकारने मान्य केलेल्या ब्रिटिश संस्थांच्या सदस्यांना संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थान मोकळा होता. परदेशी अर्हतेला देशभर मान्यता आणि देशी अर्हतेला शेजारच्या प्रांतातही मज्जाव, अशी ही स्थिती होती.

ती बदलण्याचा पहिला ठोस प्रयत्न मुंबईत झाला. १९१३ साली येथे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याची ख्याती आहे. त्याच्या स्थापनेत के. एस. अय्यर यांचा पुढाकार होता. १९१८ साली मुंबईत 'गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी' हा अभ्यासक्रम सुरू झाला. ही पदविका आणि मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी पूर्ण करणाऱ्यास अमर्याद प्रमाणपत्र मिळू लागले व त्याला देशभर व्यवसाय करता येऊ लागला. मर्यादित प्रमाणपत्रे देणे १९२० साली बंद झाले. 'जी.डी.ए.' ही अक्षरे नावापुढे लावणारे लेखापाल १९२७ साली एकत्र आले आणि त्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन अकाउंटंट्स अँड ऑडिटर्स' ही संस्था स्थापन केली.

या काळातील लेखाशिक्षणाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचाही संबंध आला. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी मुंबईतील बाटलीबॉय यांच्या लेखाप्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. त्या वेळी त्यांचे वास्तव्य परळच्या बी.आय.टी. चाळीत होते. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेऊन परतलेल्या या अध्यापकाचे विद्यार्थी मात्र देशी पदविकेसाठी अभ्यास करत होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

१९३२ च्या नियमांनी नोंदणीकृत लेखापाल, म्हणजे 'आर.ए.', हा वर्ग निर्माण केला. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ हा १ जुलै १९४९ रोजी अमलात आला व त्याच दिवशी भारतीय सनदी लेखापाल संस्थेची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष गो. प. कापडिया हे मुंबईचे होते. संस्थेचे मुख्यालय दिल्लीत असून महाराष्ट्र, गुजरात व गोवा ज्या पश्चिम विभागीय परिषदेत येतात, तिचे केंद्र मुंबईत आहे.

कायदेशीर आधार

१९४९ च्या अधिनियमाचे कलम २९ या विषयाचा कणा मानले जाते. एखादा देश भारतीय नागरिकांना आपल्याकडे हा व्यवसाय करू देत नसेल, तर त्या देशाच्या नागरिकालाही भारतात तो करता येणार नाही, असे हे कलम सांगते. परदेशी अर्हता कोणत्या अटींवर मान्य करावी हे ठरवण्याचा अधिकारही त्याने संस्थेच्या परिषदेला दिला आहे. थोडक्यात, मान्यता ही देवाणघेवाण आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाव्यापारविषयक करारात परस्पर मान्यतेची तरतूद आहे. संघटनेने लेखाव्यवसायासाठी १९९७ साली परस्पर मान्यता करारांची मार्गदर्शक तत्त्वे आणि १९९८ साली देशांतर्गत नियमनाविषयीची शिस्त स्वीकारली. अन्य कोणत्याही व्यवसायाआधी लेखापालांचा विचार झाला, यावरून या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय गरज दिसते. तथापि ही तत्त्वे कोणावरही मान्यता देण्याची सक्ती करत नाहीत. १९७७ साली म्युनिक येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखापाल महासंघाची भारतीय संस्था संस्थापक-सदस्य आहे.

काय वाहून नेता येते, काय नाही

द्विनोंदी पद्धत मुंबईत जी आहे तीच मेलबर्नमध्ये आहे. वित्तीय विवरणे, परिव्यय, लेखापरीक्षणाची तत्त्वे यांत देशोदेशी आता फारसे अंतर राहिलेले नाही, आणि भारतातील मोठ्या कंपन्यांना लागू असलेली लेखामानके आंतरराष्ट्रीय मानकांशी बरीच जुळवून घेतलेली आहेत. कायदा व कर यांची गोष्ट वेगळी. आयकर आणि वस्तू व सेवा कर यांत पारंगत असलेल्या माणसाचे हे ज्ञान विमानतळावरच मागे राहते. व्यवसायातील बहुतेक अनुभव याच विषयांत असल्यामुळे वीस वर्षांचा अनुभवी लेखापाल परदेशात नवशिक्यासारखा ठरतो, तर परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालेल्याचे तुलनेने कमी नुकसान होते. म्हणूनच परस्पर मान्यता करारांत सूट मिळते ती लेखाविषयांत. स्थानिक कायदा, कर व व्यावसायिक नीती या विषयांची परीक्षा सहसा द्यावीच लागते.

असे करार बहुधा परीक्षा व उमेदवारी यांच्या मार्गाने सदस्य झालेल्यांपुरतेच असतात; दुसऱ्या एखाद्या करारामुळे सदस्यत्व मिळालेल्यास त्यांचा लाभ होत नाही. शिवाय अर्जाच्या वेळी मूळ संस्थेतील सदस्यत्व चालू असावे लागते. परदेशात स्थायिक झाल्यावर वार्षिक शुल्क भरणे अनावश्यक समजून ते थांबवणारे अनेक जण आहेत. नाव नोंदवहीतून कमी झाले की संस्थेकडून सुस्थितीचे पत्र मिळत नाही, आणि ते नसल्यास करार असूनही उपयोग होत नाही.

देशनिहाय स्थिती

ब्रिटन : इंग्लंड व वेल्सच्या सनदी लेखापाल संस्थेशी भारतीय संस्थेने २००८ साली करार केला. त्यानुसार भारतीय सदस्यास बहुतांश विषयांतून सूट मिळून मुख्यतः अंतिम टप्प्याची परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये नुसते 'अकाउंटंट' म्हणवून घेण्यास बंदी नाही; 'चार्टर्ड अकाउंटंट' म्हणवण्यास आहे. कंपन्यांच्या वैधानिक लेखापरीक्षणासाठी स्वतंत्र पात्रता व नोंदणी लागते. २४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यात व्यापक आर्थिक व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. अर्हतांना थेट मान्यता मात्र संबंधित व्यवसायसंस्थांनीच द्यावयाची असते.

ऑस्ट्रेलिया : येथे स्थलांतरासाठीचे कौशल्य-मूल्यमापन व्यवसायसंस्थाच करतात. सीपीए ऑस्ट्रेलिया ही त्यांपैकी एक असून भारतीय संस्थेने तिच्याशी करार केला आहे. मूल्यमापन करणारी व सदस्यत्व देणारी संस्था एकच असली तरी अर्ज, शुल्क व निकष वेगवेगळे असतात. एकाच पत्त्यावरून आलेली ही दोन पत्रे एकच समजली गेल्याने बराच गोंधळ होतो.

कॅनडा : मराठी कुटुंबांच्या दृष्टीने सर्वाधिक चर्चा होणारा देश हा आहे. स्थलांतराच्या गुणपद्धतीसाठी पदव्यांचे तुल्यता-मूल्यमापन करून घ्यावे लागते. त्या अहवालात मुंबई विद्यापीठाच्या पदवीची कॅनडातील पातळी नमूद केलेली असते व तिच्यावर गुण मिळतात. तो व्यवसायाचा परवाना नव्हे. लेखाव्यवसायाचे नियमन प्रांतांकडे असल्याने ऑन्टारिओ व ब्रिटिश कोलंबिया यांच्या संस्था निरनिराळ्या आहेत. २०१४ च्या सुमारास तेथील तीन जुन्या अर्हता एकत्र येऊन 'सीपीए' हे एकच पदनाम रूढ झाले, आणि त्या बदलाच्या काळात जुन्या करारांवर विसंबून गेलेल्यांना नव्याने चौकशी करावी लागली.

कागदोपत्री मान्यता मिळाल्यानंतरही 'कॅनडातील अनुभव' ही अट नोकरीच्या आड येत असे. मुंबईत लेखापरीक्षण अहवालांवर सही करणारा माणूस टोरोंटोत पावत्यांच्या नोंदी करण्याचे काम पत्करतो, हे चित्र अपवादात्मक नव्हते. ऑन्टारिओने २००६ साली नियमित व्यवसायांतील न्याय्य प्रवेशाचा कायदा केला. तेथील मानवी हक्क आयोगाने २०१३ साली अशी अट सकृद्दर्शनी भेदभावाची असल्याचे धोरण जाहीर केले.

अमेरिका : भारतीय संस्थेचा येथे परस्पर मान्यतेचा मार्ग खुला नाही. परवाना राज्ये व प्रदेश मिळून ५५ अधिकारक्षेत्रांच्या मंडळांकडून मिळतो. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड आदी देशांच्या लेखापालांसाठी असलेली सोपी पात्रता परीक्षा भारतीयांना देता येत नाही. त्यांना संपूर्ण सीपीए परीक्षा द्यावी लागते. २०२४ पासून तिचे स्वरूप तीन समान भाग व एक निवडीचा भाग असे आहे. खरी अडचण शिक्षणाच्या मोजणीची असते. परवान्यासाठी रूढ अट १५० सत्र-तासांची आहे, आणि तीन वर्षांची वाणिज्य पदवी अनेकदा ९० तासांचीच धरली जाते. उरलेले तास एम.कॉम. किंवा सनदी लेखापाल अर्हता यांतून भरून काढता येतील की नाही, हे राज्य व मूल्यमापन संस्था यांवर अवलंबून असते. २०२५ मध्ये ओहायोसह काही राज्यांनी १५० तासांना पर्याय देणारे कायदे केले.

आखाती देश : सत्तरच्या दशकानंतर मुंबईतील लेखापाल मोठ्या संख्येने येथे गेले. कंपनीतील नोकरीसाठी भारतीय अर्हता सहज चालते. स्वतःच्या नावाने लेखापरीक्षण करण्यास स्थानिक परवाना लागतो.

मुंबईतील कागदपत्रे

बहुतेक अर्ज परीक्षेपेक्षा कागदपत्रांपाशी अडतात. विद्यापीठाच्या गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती कालिना येथील परीक्षा विभागाकडून घ्याव्या लागतात. १९९६ पूर्वीच्या पदव्यांवर विद्यापीठाचे इंग्रजी नाव 'बॉम्बे' असे आहे व नंतरच्या पदव्यांवर 'मुंबई'. ही एकच संस्था आहे, हे परदेशी मूल्यमापकास कळवणे इष्ट असते.

नावाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात गुणपत्रकावर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, वडिलांचे व काही ठिकाणी आईचे नाव येते. पारपत्रावरील क्रम वेगळा असतो. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलते, क्वचित पहिलेही. मग सनद एका नावाने, पदवी दुसऱ्या नावाने आणि पारपत्र तिसऱ्याच नावाने, अशी स्थिती होते. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातील नामबदलाची नोंद उपयोगी पडते. राजपत्र छापणारे शासकीय मुद्रणालय गिरगावात चर्नी रोड स्थानकाजवळ आहे. नामबदलाचे अर्ज पूर्वी तेथे प्रत्यक्ष द्यावे लागत, आता ते ऑनलाइन स्वीकारले जातात.

उमेदवारी पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हाही महत्त्वाचा कागद आहे. ज्या फर्ममध्ये उमेदवारी केली ती पुढे बंद झाल्यास तपशील मिळवणे कठीण जाते, म्हणून तो वेळीच जपून ठेवणे आवश्यक असते. २०२३ च्या नव्या अभ्यासक्रमानुसार ही उमेदवारी तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. प्रत्यक्ष अनुभवाची तीन वर्षे मागणाऱ्या संस्थांकडे अर्ज करताना उरलेला काळ सदस्यत्वानंतरच्या नोकरीतून दाखवावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली सनदी लेखापाल अर्हता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्याने परदेशातील उच्च शिक्षणाचे अर्ज काहीसे सुकर झाले.

अलीकडील स्थिती

२०२० पासून अमेरिकेची सीपीए परीक्षा मुंबईसह भारतातील काही शहरांत देता येते. तत्पूर्वी त्यासाठी परदेशी जावे लागे. आज ही परीक्षा देणाऱ्या सर्वांनाच देशांतर करायचे असते असे नाही. लोअर परळ परिसरात पूर्वीच्या गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांत परदेशी कंपन्यांचे हिशेब व करविवरणे तयार होतात आणि अशा कामासाठी परदेशी अर्हता असलेल्या उमेदवारांना मागणी असते. मात्र या अर्हतेच्या बळावर भारतीय कंपनीच्या लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही. त्यासाठी १९४९ च्या अधिनियमाखालील सदस्यत्व व व्यवसाय प्रमाणपत्र लागते.