गोधडीच्या पोटात काय भरावं? जुनी लुगडी, पिंजलेला कापूस की रेक्रॉन?

दिवाळी सरली की लातूर, औसा, निलंग्याच्या पट्ट्यात रात्री गार पडू लागतात. बालाघाटच्या पठारावरचा हा भाग. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा अनेकदा १० ते १५ अंशांच्या दरम्यान उतरतो. याच दिवसांत घरोघरी माळ्यावरची गाठोडी खाली येतात आणि एक जुना प्रश्न पुन्हा निघतो: यंदा गोधडी शिवायची तर आत काय घालायचं?

वरचं कापड आणि ठिगळांचे रंग डोळ्यांना दिसतात, म्हणून सगळं लक्ष तिथेच जातं. पण गोधडी ऊब देईल की नाही, धुतल्यावर टिकेल की गोळे होतील, हे ठरतं आतल्या भरावावर. एकदा टाके पडले की हा भराव बदलता येत नाही. महिनाभराची मेहनत वाया जाऊ नये, तर निवड आधीच नीट करावी लागते.

गोधडी, लेप आणि रजई यांत फरक काय?

बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांची बांधणी वेगळी आहे.

गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुन्या कापडांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेलं पांघरूण. तिच्यात वेगळा भराव नसतो. मधली लुगडी, धोतरं, पातळं हाच तिचा भराव. लेप आणि रजईत मात्र दोन कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस पसरलेला असतो. बाळासाठी शिवलेली छोटी, पातळ गोधडी म्हणजे दुपटं.

आता तिसरा प्रकारही आला आहे. वर-खाली सुती कापड आणि मध्ये कारखान्यात तयार झालेली पॉलिस्टरची किंवा कापसाची सलग चादर. शहरातल्या शिवणवर्गांत आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘क्विल्ट’मध्ये बहुतेक वेळा हाच भराव असतो.

ऊब येते कुठून?

कापूस किंवा पॉलिस्टर स्वतः गरम नसतं. ऊब देते ती धाग्यांच्या मध्ये अडकलेली स्थिर हवा. ही हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून भराव जितका फुगीर आणि फुगीरपणा जितका टिकाऊ, तितकी ऊब जास्त. जुना लेप दबून चपटा झाला की थंडी वाजू लागते. कापूस तेवढाच असतो, पण त्यातली हवा गेलेली असते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतली साधारण ८ ग्रॅम ओल धरतो. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. त्यामुळे कापसाखाली घाम शोषला जातो आणि झोप सुखाची होते, पण तोच कापूस धुतल्यावर वाळायला दिवस घेतो.

पर्याय पहिला: जुनं सुती कापड

मराठवाड्यातली मूळ गोधडी हीच. खर्च जवळजवळ शून्य, कापड वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं आणि भराव सरकण्याची भीती नाही. गोधडी अंथरायलाही लागते आणि पांघरायलाही. शहाबादी फरशीवर अंथरायची असेल तर कापडाच्या थरांना तोड नाही, कारण अंगाच्या वजनाखाली ते रेक्रॉनसारखे चेपून विरळ होत नाहीत.

किती कापड लागेल, याचा हिशेब सोपा आहे. ५ फूट बाय ७ फुटांची गोधडी म्हणजे साधारण सव्वातीन चौरस मीटर. नऊवारी लुगडं सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि एक-सव्वा मीटर पन्ह्याचं. म्हणजे एका लुगड्यात जवळपास तीन थर बसतात. दोन लुगड्यांत पाच-सहा थरांची, थंडीला पुरेल अशी गोधडी होते. सहावारी साडीत मात्र दोनच थर निघतात.

कापड निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात:

- सुती आणि सिंथेटिक कापड एकत्र घालू नये. धुतल्यावर सुती आटतं, नायलॉन-पॉलिस्टर आटत नाही. मग मधल्या थराला चुण्या पडतात.
- नवं मांजरपाट किंवा खळ असलेलं कापड आधी धुऊन, आटवून मगच वापरावं.
- गडद लाल, निळं कापड आत घालण्याआधी रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावं.

जीर्ण झालेलं, बोटाने ओढलं की फाटणारं कापड आत चालेल असं अनेकांना वाटतं. पण टाका धरायला कापडात जीव लागतो. असे तुकडे वापरायचेच तर दोन धड थरांच्या मध्ये घालावेत.

पर्याय दुसरा: पिंजलेला कापूस

नांदेड-परभणीचा पट्टा कापसाचा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून आलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण एकेकाळी दूरवर पेरला जात होता. औशाच्या शिवारात आता सोयाबीन आणि तुरीचं राज्य आहे, तरी लेपासाठी कापूस मिळणं अवघड नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. शेतातून वेचलेल्या कापसात सरकी असते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की उरते ती रुई. भरावासाठी रुईच हवी. सरकी राहिली तर ती भरडून कापडावर तेलकट डाग पडतात आणि उंदरांनाही आयतं आमंत्रण मिळतं.

रुई तशीच भरूनही चालत नाही. ती पिंजावी लागते, म्हणजे गुंतलेले धागे मोकळे करून हवा भरावी लागते. हे काम पिढ्यान् पिढ्या पिंजारी किंवा नदाफ समाजाचे कारागीर करत आले. धनुष्यासारखं पिंजण, त्याला ताणलेली तात आणि तिच्यावर लाकडी मुठीचे ठोके. तो आवाज आता क्वचित ऐकू येतो. गादीच्या दुकानांत यंत्रावर कापूस पिंजून मिळतो.

धाग्याची लांबीही महत्त्वाची आहे. सूत कातायला लांब, तलम धागा लागतो. भरावाला मात्र देशी कापसाचा आखूड, जाडसर धागा चांगला, कारण तो लवकर दबत नाही. म्हणून ‘सगळ्यात महाग कापूस सगळ्यात चांगला’ हा नियम लेपाला लागू होत नाही.

एका माणसाच्या लेपाला साधारण दीड ते दोन किलो रुई लागते. मात्र सुट्या कापसाला दाट टाके हवेत. दोन ओळींत चार बोटांपेक्षा जास्त अंतर ठेवलं तर कापूस घरंगळून एका कोपऱ्यात जमतो.

कापसाची मोठी अडचण म्हणजे धुणं. सुट्या कापसाचा लेप पाण्यात घातला की गोळे होतात. तो उन्हात टाकायचा, झटकायचा, खोळ धुवायची आणि काही वर्षांनी उसवून कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा. पुन्हा पिंजता येणं हा कापसाचा मोठा गुण. तोच भराव अनेक वर्षं वापरता येतो.

पर्याय तिसरा: रेक्रॉन, म्हणजे पॉलिस्टर

रेक्रॉन हे खरं तर एका कंपनीच्या पॉलिस्टर धाग्याचं नाव, पण बाजारात आता सगळ्याच पॉलिस्टर भरावाला तसं म्हणतात. तो दोन रूपांत मिळतो: उशीत भरायचा सुटा आणि गोधडीसाठी सलग चादर. गोधडीला नेहमी चादरच घ्यावी.

चादरीची जाडी ‘जीएसएम’मध्ये सांगतात. म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. ५ बाय ७ फुटांच्या गोधडीत १०० जीएसएमचा भराव साधारण सव्वातीनशे ग्रॅम, २०० जीएसएमचा साडेसहाशे ग्रॅम आणि ३०० जीएसएमचा जवळपास एक किलो भरतो. पंख्याखाली किंवा पावसाळ्यात पांघरायला १००, मराठवाड्यातल्या नेहमीच्या हिवाळ्याला २०० पुरतं. ३०० जीएसएम हाताने शिवताना बोटं दुखतात आणि टाका खालपर्यंत नीट जात नाही.

हलकी, फुगीर, धुवायला सोपी आणि लवकर वाळणारी, हे या गोधडीचे गुण. उकाड्यात घाम येणं हा दोष. हलक्या प्रतीची चादर असेल तर पांढरे तंतू टाक्यांच्या छिद्रांतून वर येतात. चादर चिमटीत धरून हलकेच ओढावी. थर लगेच सुटले तर ती घेऊ नये.

बाकीचे पर्याय

- कापसाची दाबलेली चादर: सुयांच्या यंत्राने धागे एकमेकांत गुंतवून केलेली. कापसाचा सुखावा मिळतो आणि धुताही येते. मात्र पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटते. किती अंतरावर टाके घालायचे हे पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पाळावं.
- सावरीचा कापूस: उशीला उत्तम, गोधडीला नाही. त्याचे तंतू रेशमासारखे गुळगुळीत असल्याने टाक्यांत थांबत नाहीत आणि दाबाने त्यांचा चुरा होतो.
- लोकर: ऊब भरपूर. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. ती घोंगडीला शोभते, भरावात तिची टोकं कापडातून टोचतात. शिवाय गरम पाण्यात लोकर आटते आणि तिला कसर लागते.
- चिंध्यांचा भुगा: तयार कपड्यांच्या कतरणीचा चुरा स्वस्त रजयांत भरलेला असतो. जड, दमट आणि धुळीचा. दमा असलेल्या घरात टाळावाच.

मराठवाड्यात पाण्याचा हिशेब आधी

नवरात्रात घट बसण्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही इकडची रीत. मांजरा, तेरणेला पाणी असेल तर गोधड्या नदीवर जातात. पण पाणी दरवर्षी असतंच असं नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात ‘ही गोधडी धुवायला किती पाणी लागेल’ हा प्रश्न शिवण्याआधीच विचारायला हवा.

सहा थरांची सुती गोधडी पाणी पिऊन इतकी जड होते की पिळायला दोन माणसं लागतात. त्यावर दोन उपाय आहेत. एक जाड गोधडी शिवण्याऐवजी तीन-तीन थरांच्या दोन शिवाव्यात. थंडीत दोन्ही एकावर एक घेता येतात, धुताना एकेक हाताळता येते. दुसरा उपाय म्हणजे खोळ. खोळ काढून धुतली की आतली गोधडी वर्षातून एकदाच पाण्यात घालावी लागते.

सुरक्षेच्या दोन गोष्टी

बाळाची दुपटी पातळच असावीत. एक वर्षाखालच्या बाळाला झोपवताना आजूबाजूला मऊ, सुटी पांघरुणं ठेवू नयेत, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. तोंडावर पांघरूण आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. जाड, फुगीर भरावाची गोधडी थोडं मोठं झाल्यावर द्यावी.

दुसरी गोष्ट आगीची. चूल, शेकोटी, विडी किंवा डासांच्या कॉइलची ठिणगी पडली तर कापूस आतल्या आत तासन् तास धुमसत राहतो. वरून विझल्यासारखा दिसला तरी पाणी ओतून, अंगणात नेऊन खात्री करावी. पॉलिस्टर वितळतं आणि त्वचेला चिकटतं. त्याची भाजल्याची जखम खोल होते.

भराव खरा कोणता, हे कसं ओळखावं?

दुकानदार ‘शंभर टक्के कापूस’ म्हणाला तर चार तंतू मागून घ्यावेत. घरी पाण्याच्या भांड्यावर चिमट्यात धरून पेटवावेत. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर कापूस. वितळून कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. केस जळल्याचा वास आला तर लोकर. दोन्ही खुणा दिसल्या तर मिश्रण.

थोडक्यात, कुणासाठी काय?

- फरशीवर अंथरायला: सुती कापडाचे सहा थर
- म्हाताऱ्या माणसांना पांघरायला: वजन सोसवत नसेल तर २०० जीएसएम रेक्रॉन, वर-खाली मऊ सुती कापड
- कडाक्याच्या थंडीला, धुण्याची घाई नसेल तर: पिंजलेल्या कापसाचा लेप, खोळीसह
- वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना: १०० ते २०० जीएसएम रेक्रॉन, धुऊन लवकर वाळते
- बाळाला: धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे दोन-तीन थर
- आईच्या, आजीच्या साड्यांची आठवण म्हणून: साड्याच भराव आणि साड्याच वरचं कापड

निर्णय होत नसेल तर वीतभर चौकोन शिवून पाहावा. वरचं कापड, भराव आणि अस्तर तेच, टाक्यांचं अंतरही तेच. तो दोनदा धुऊन, वाळवून, हातात चोळून पाहिला की आटणं, रंग जाणं, गोळे होणं हे सगळं आधीच कळतं. एका संध्याकाळचं हे काम महिनाभराची शिवण वाचवतं.