डायरीतील चंडोल

1917च्या ईस्टरला फ्रान्समधील आरास शहराच्या परिसरात वसंत उशिरा येत होता. ईस्टर सोमवारी, 9 एप्रिलला, तर बर्फ पडले. त्याच पहाटे ब्रिटिश फौजांची मोठी चढाई सुरू झाली आणि निरीक्षण चौकीवर असलेला सेकंड लेफ्टनंट एडवर्ड टॉमस ठार झाला. तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

वसंताशी या माणसाचे नाते जुने होते. 1913च्या गुड फ्रायडेला तो सायकलवरून लंडनहून निघाला, तो थेट सॉमरसेटमधील क्वांटॉक टेकड्यांपर्यंत वसंताच्या शोधात गेला. त्या प्रवासाचे पुस्तक 1914 साली निघाले. संसार चालविण्यासाठी तो पोटार्थी लेखन करी, खिन्नतेने वरचेवर ग्रासला जाई, आणि त्याचा सारा भार पत्नी हेलनवर पडे. रॉबर्ट फ्रॉस्टच्या प्रोत्साहनामुळे 1914च्या डिसेंबरात तो कवितेकडे वळला व दोनेक वर्षांत त्याने 140हून अधिक कविता लिहिल्या. तीन मुलांचा बाप असूनही 1915 साली तो स्वेच्छेने सैन्यात दाखल झाला.

1917च्या जानेवारीतील निरोपाचे वर्णन हेलनने पुढे 1931 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत केले आहे. धुक्यात तो दिसेनासा झाला, तरी दोघे एकमेकांना 'कू-ई' अशी साद घालीत राहिली.

आघाडीवर त्याने छोटी डायरी ठेवली. ती वाचताना आम्ही हेलनविषयीची व्याकुळता शोधू लागलो, तर तिचे पत्र आले, तिला पत्र लिहिले, एवढ्याच त्रोटक नोंदी हाती आल्या. बाकी पाने तोफांची आणि पाखरांची! गोळे फुटत असताना वर चंडोल गात आहेत, उद्ध्वस्त जमिनीवर तित्तिर वावरत आहेत. जमिनीखाली बिळे करणाऱ्या जिवालाही गोळा लागत असेल काय, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. हा कोरडेपणा नव्हे. आपण भावनांना मुद्दाम जागे होऊ देत नाही, जणू भुयार खणीत पुढे सरकतो आहोत, अशा आशयाचे त्यानेच हेलनला कळविले होते. घराची ओढ मनाला परवडणारी नव्हती. चंडोलाचे गाणे मात्र परवडत होते, असे आम्हांला वाटते. वर्षानुवर्षे त्याने असेच चंडोल हेलनच्या सोबतीने ऐकले होते, हे विसरून कसे चालेल?

जवळून गेलेल्या गोळ्याच्या हवेनेच त्याचे हृदय थांबले, अंगावर जखम नव्हती, असा समज पुष्कळ वर्षे होता. अलीकडे उजेडात आलेल्या त्याच्या अधिकाऱ्याच्या पत्रात मात्र छातीतून आरपार गेलेल्या माऱ्याचा उल्लेख आहे.

डायरीतील अखेरची नोंद 8 एप्रिलची, ईस्टरच्या दिवसाची. पानांवर लाटांसारख्या सुरकुत्या पडल्या आहेत. त्या पानांत हेलनचे छायाचित्र होते.