मेण, माती आणि जयपूरचा दागिना

जयपूर म्हटले की जोहरी बाजार, कुंदन आणि मीनाकारी ही नावे ओघानेच येतात. सवाई जयसिंगांनी १७२७ साली वसविलेल्या या नगरीची कीर्ती मुख्यतः हातघडणीची. कुंदनाच्या दागिन्यात ओतकाम नसते. कोंदणात लाख भरून, खड्याभोवती शुद्ध सोन्याचे पातळ पत्रे दाबीत तो सिद्ध होतो. परंतु आज येथील कारखान्यांतून देशोदेशी जाणाऱ्या अंगठ्या व कर्णभूषणे यांपैकी पुष्कळशी ओतीव असतात. ही रीत यंत्रांबरोबर परदेशातून आली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय.

कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठीच्या अभ्यासकांस तो परिचित आहे, तो त्यातील मराठी पद्यांमुळे. श्री. श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला त्याचा पहिला खंड १९२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत निघाला. या ग्रंथात धातूची मूर्ती ओतण्याची कृती आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मेण. म्हणून या कृतीस ‘मधूच्छिष्टविधान’ असे सुंदर नाव आहे.

प्रथम मेणाची मूर्ती करून तिला नळ्या जोडावयाच्या. मग जळका कोंडा, बारीक कातरलेला कापूस व थोडे मीठ घालून वाटलेल्या मातीचे तीन लेप द्यावयाचे. पहिला लेप पातळ. तो सावलीत वाळवावयाचा. दोन दिवसांनी दुसरा आणि तो सुकल्यावर तिसरा, जाड. यातील एकही गोष्ट अनाठायी नाही. पातळ लेपात मेणावरील बारीकसारीक रेषा उमटतात; सावलीमुळे तडे जात नाहीत; कोंडा व कापूस यांमुळे साचा सच्छिद्र होऊन वाफ निघून जाते. साचा तापवून मेण काढले की त्याच पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. मेणाचे वजन आधीच करून ठेवलेले असते. रुपे त्याच्या बारापट, सोने सोळापट घ्यावे, असे ग्रंथ सांगतो.

जयपूरच्या कारखान्यात आज मातीऐवजी जिप्सम व सिलिका यांचे मिश्रण असते. मेणाच्या अनेक अंगठ्या एका दांड्यावर झाडाच्या फांद्यांप्रमाणे जोडतात, पोलादी नळकांड्यात ठेवून त्यांवर ते मिश्रण ओततात, आणि भट्टीचे तापमान हळूहळू सुमारे ७३० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन मेण जाळून टाकतात. धातूचा हिशेब मात्र अजूनही मेणाच्या वजनावरूनच होतो. अठरा कॅरट सोन्यास तो आजही साधारण सोळापटच भरतो!

मग नवे काय? टॅगार्ट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९०७ साली दातांत बसवावयाचे सोने या रीतीने ओतून दाखविले आणि तेथून ही विद्या आधुनिक उद्योगात शिरली. पुढे युंगरसन याने रबरी साच्यातून मेणाच्या हव्या तितक्या प्रती काढण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. १९४९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरविले; त्यातील घटक पूर्वापार ज्ञात होते. निर्णयात सोळाव्या शतकातील इटालियन सुवर्णकार चेलिनी याचा दाखला आहे. आमचा सोमेश्वर त्याच्याही चार शतके आधीचा. अर्थात ही विद्या केवळ आमचीच, असे म्हणणेही सत्यास धरून होणार नाही. अनेक प्राचीन संस्कृतींस ती अवगत होती. सोमेश्वराचे श्रेय एवढेच की त्याने ती लिहून ठेविली.

साचा फोडल्यावाचून दागिना हाती येत नाही. साचा करणाऱ्याचे श्रम त्या चुऱ्यात विरून जातात. त्या चुऱ्यातही सोन्याचे कण असतात. ते गाळून काढण्याच्या व्यवसायात सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूरकडील आपले गलाई बांधव देशभरच्या सराफ बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या घट्ट पाय रोवून आहेत. या मंडळींचे आणि साचा करणाऱ्या कारागिरांचे ज्ञान हातातून हातात जाते. कागदावर क्वचितच येते. राजाने नऊशे वर्षांपूर्वी जे केले, ते आपल्यासारख्या मंडळांस अवघड नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘सुवर्ण’ या शब्दाची एवढी तरी बूज आपण राखावी.