दीनबंधूंचे स्मारक

गांधीजींना ‘मोहन’ अशी एकेरी हाक मारणारी माणसे थोडी. त्यांपैकी एक, चार्ल्स फ्रिअर अँड्रूज, ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यास निवर्तले. १९१४ च्या जानेवारीत दरबानच्या धक्क्यावर या इंग्रज धर्मोपदेशकाने गांधीजींचे चरण वंदिले, ते तेथील गोऱ्या मंडळींस मुळीच रुचले नाही. पुढे फिजीतील गिरमिटियांची दुःखे वेशीवर टांगून अँड्रूजनी ‘दीनबंधू’ हे नाव सार्थ केले.

अशा सुहृदाचा शोक गांधीजींनी कसा केला? अँड्रूजनी आपले मानलेल्या शांतिनिकेतनात स्मारक व्हावे म्हणून पाच लाख रुपयांचा संकल्प सोडला, आणि १९४२ च्या मे महिन्यात ते झोळी घेऊन मुंबईस आले. काळ कोणता, पाहा! क्रिप्ससाहेब हात हलवीत परतलेले, ‘चले जाव’चा ठराव अवघ्या तीन महिन्यांवर आलेला. त्याच मुंबईने एका इंग्रजासाठी ती रक्कम थोड्या दिवसांत पुरी केली! दात्यांपैकी कितीकांनी अँड्रूजना पाहिले असेल? बहुतेकांनी गांधीजींच्या दुःखालाच हात दिला, असे मला वाटते. रवींद्रनाथ मात्र हे पाहावयास राहिले नव्हते. १९४१ च्या ऑगस्टमध्येच ते मित्रामागून गेले होते.