हसरी मृण्मस्तके (वेराक्रूस, मेक्सिको)

मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या वेराक्रूस राज्याच्या दक्षिण-मध्य भागात, सामान्यतः इसवी सन ६०० ते ९०० या काळात घडविलेल्या पोकळ मृण्मूर्तींची, बहुतेक वेळा धडापासून विलग झालेल्या स्थितीत सापडणारी मस्तके. कोलंबसपूर्व अमेरिकेच्या मृत्तिकाशिल्पांत त्यांना असाधारण कीर्ती लाभली आहे. मध्य अमेरिकेच्या प्राचीन कलेत देव, राजे आणि योद्धे हे प्रायः गंभीर, किंबहुना निर्विकार मुद्रेने वावरत असताना, केवळ या एका प्रदेशातील कारागिरांनी दात दिसतील इतके मोकळे हास्य मातीत उतरविले, हे त्या कीर्तीचे कारण होय.

अशा मस्तकाचा चेहरा रुंद आणि खाली हनुवटीकडे निमुळता होत जाणारा असतो. कपाळ सपाट व मागे झुकलेले असून, अर्भकावस्थेतच कवटीला फळ्यांच्या दाबाने आकार देण्याची जी प्रथा तेथे रूढ होती, तिचे ते प्रतिबिंब आहे. डोळे बारीक झालेले, गाल वर उचललेले, वरचा ओठ ताणला गेलेला, समोरचे दात स्पष्ट आणि पुष्कळदा जिभेचे टोक त्यांच्यामधून डोकावणारे, अशी ही मुद्रा असते. कित्येक चेहऱ्यांवर दात झिजवून त्यांना विशिष्ट आकार दिल्याचेही दाखविलेले असते. मस्तकावरील टोपीवजा शिरोभूषणावर उठावात गुंफलेल्या पट्ट्या, वेटोळी, बगळ्यासारखे पक्षी किंवा माकडे आढळतात. धड शाबूत राहिलेल्या थोड्या मूर्तींवरून समजते की या आकृती स्त्रियांच्या आणि पुरुषांच्याही असत, त्यांचे हात बाजूंना उंचावलेले व तळवे समोर केलेले असत, आणि एका हातात अनेकदा खुळखुळा असे. पुरी मूर्ती क्वचितच अर्ध्या मीटरपेक्षा फार उंच असते.

मस्तकेच एवढ्या मोठ्या संख्येने का उरली, याचा उलगडा घडणीच्या रीतीतून होतो. चेहरा साच्यात माती दाबून काढीत, डोक्याचा मागचा भाग हाताने चढवीत, आणि पातळ मातीच्या पत्र्यांतून उभारलेल्या पोकळ धडावर ते मस्तक ओल्या मातीच्या लुकणाने बसवून मग मूर्ती भाजीत. साहजिकच मानेचा सांधा हे सर्वांत कच्चे ठिकाण ठरे. धडाच्या भिंती पातळ व पसरट असल्यामुळे जमिनीच्या भाराखाली त्यांचा चुरा होई. आटोपशीर, जाड आणि गोलाकार मस्तक मात्र टिके. त्याखेरीज यांतील पुष्कळ मूर्ती ज्या काळी पुरल्या गेल्या त्याच काळी भग्न झालेल्या होत्या व तुकड्यांच्या रूपानेच टेकाडांच्या भरावात पडल्या, असे उत्खननांतून दिसून आले आहे. साच्याची पद्धत या प्रदेशात तुलनेने उशिरा रुळली. त्यापूर्वीच्या शतकांतील मूर्ती हातानेच वळलेल्या असून, त्यांच्या डोळ्यांवर व अंगावर ‘चापोपोते’ नावाच्या, त्या किनाऱ्यावर जमिनीतून आपोआप पाझरणाऱ्या काळ्या डांबराचा लेप दिलेला असे. कुंभाराचे चाक या कारागिरांना ठाऊक नव्हते. तरीही याच किनाऱ्यावर चार चाकांवर फिरणारे मातीचे लहान प्राणी सापडले आहेत. ओझे ओढणारे जनावरच नसलेल्या मुलखात चाकाची कल्पना खेळण्यापाशी किंवा पूजावस्तूपाशी थांबली, ही गोष्ट प्रगतीच्या सरळ रेषेवर विश्वास ठेवणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

या मूर्तींची खरी भूमी म्हणजे ब्लांको व पापालोआपान या नद्यांच्या दरम्यानचा, ‘ला मिश्तेकिया’ या नावाने ओळखला जाणारा सखल, दमट आणि सुपीक टापू. नोपिलोआ, दिचा तुएर्ता, लॉस सेरोस, एल सापोताल ही तेथील प्रमुख स्थळे. संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर मात्र ‘रेमोहादास’ हे नाव झळकते. ते स्थळ काहीसे उत्तरेकडे, तुलनेने कोरड्या पट्ट्यात आहे. तेथील उत्खनन गाजल्यामुळे सगळ्या शैलीलाच त्याचे नाव चिकटले. या मूर्ती घडविणाऱ्या लोकांना पूर्वी सरसकट ‘तोतोनाक’ म्हणत. इ. स. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस किनाऱ्यावर उतरला तेव्हा सेंपोआला येथे त्याचे स्वागत करणारे लोक तोतोनाक होते, हे खरे. परंतु तेवढ्यावरून त्याच्या सहा ते नऊ शतके आधीच्या, अधिक दक्षिणेकडील कुंभारांची भाषा व कूळ ठरविणे धाडसाचे होईल. म्हणूनच अलीकडील अभ्यासक ‘अभिजात वेराक्रूस संस्कृती’ असे सावध नाव वापरतात. उत्तरेकडील एल ताहिन हे नगर, तेथील चेंडूखेळाची अनेक प्रांगणे आणि त्यांच्या भिंतींवर कोरलेले नरबलीचे व पुल्के या मद्याचे प्रसंग हे त्याच व्यापक संस्कृतीचे दुसरे अंग होय.

या प्रदेशातील मृण्मय अवशेषांकडे युरोपीय विद्वानांचे लक्ष एकोणिसाव्या शतकातच गेले होते. वेराक्रूसमध्ये व्यापारानिमित्त राहिलेल्या हेर्मान श्ट्रेबेल या जर्मन संग्राहकाने १८८५ ते १८८९ या काळात ‘आल्ट-मेक्सिको’ हा दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांची तपशीलवार नोंद केली. पण शास्त्रीय उत्खननाचा आरंभ खऱ्या अर्थाने आल्फोन्सो मेदेयिन सेनिल या मेक्सिकन पुरातत्त्वज्ञाने १९५० नंतरच्या दशकात केला. त्याच्या संशोधनाची फलश्रुती म्हणजे वेराक्रूस विद्यापीठाने १९६२ मध्ये प्रकाशित केलेले ‘माहिया दे ला रिसा’ हे पुस्तक. त्यात या हास्याचा बलिदानाशी असलेला संबंध उलगडणारा निबंध मेक्सिकन कवी ओक्ताविओ पास यांनी लिहिला. तेच कवी त्याच वर्षी मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीस आले आणि १९६८ पर्यंत तेथे राहिले.

या हास्याचा अर्थ काय, हा खरा वादविषय आहे. मेदेयिन सेनिलने नृत्य, गायन व पुष्पे यांचा अधिपती असलेल्या शोचिपिल्ली या देवतेशी, आणि त्या द्वारा सूर्योपासनेशी, मूर्तींचा संबंध जोडला. उंचावलेले हात, खुळखुळे आणि सजवलेले शिरोभूषण पाहता हे मत सहज पटते. परंतु डोरिस हेडन या विदुषीने १९७० च्या सुमारास निराळाच विचार मांडला. सोळाव्या शतकातील स्पॅनिश धर्मोपदेशकांच्या लेखनात, विशेषतः दिएगो दुरान याच्या वृत्तांतात, असा मजकूर आहे की देवतेचे सोंग देऊन काही दिवस मिरविल्या जाणाऱ्या आणि अखेरीस बळी दिल्या जाणाऱ्या गुलामाने शेवटपर्यंत आनंदाने नाचणे आवश्यक मानले जाई; तो उदास दिसल्यास तो अपशकुन समजत आणि त्याचे भय हरण करणारे पेय त्याला पाजीत. हेडनच्या मते हसऱ्या मूर्ती म्हणजे अशाच देवप्रतिनिधींच्या प्रतिमा असून, त्यांचे हास्य मद्याने वा मादक वनस्पतीने आणलेले आहे. बारीक झालेले डोळे व दातांमधून निघालेली जीभ यांचा अर्थ या मताने अधिक नीट लागतो, हे नाकारता येत नाही. तथापि दुरानचा वृत्तांत मेक्सिकोच्या पठारावरील आस्तेक लोकांविषयीचा आहे, आणि तो या मूर्तींनंतर सुमारे सातशे ते हजार वर्षांनी लिहिलेला आहे. त्याला साक्षीदार मानण्यास हरकत नाही, पण न्यायाधीश मानता येणार नाही. शिवाय ‘हे चेहरे आनंदाचे’ हा जो समज रसिकांत पसरला, त्याला बरेचसे कारण मूर्तींच्या भग्नतेतच आहे. धड, हात, आणि ज्या मृताजवळ वा ज्या देवतेसमोर मूर्ती ठेवली तिचा सारा परिसर नाहीसा झाला, केवळ चेहरा हाती उरला, आणि सुट्या चेहऱ्यावर पाहणाऱ्याने आपल्याच मनातील हास्य वाचले.

परिसराचे महत्त्व किती, हे १९७१ मध्ये एल सापोताल येथे उघड झाले. तेथील टेकाडात मृतांच्या लोकाचा स्वामी मिक्त्लानतेकुत्ली याची, हाडांचा सापळा झालेली आणि न भाजलेल्या मातीची, भव्य आसनस्थ मूर्ती सापडली. प्रसूतीत मरण पावून देवत्व पावलेल्या स्त्रियांच्या, म्हणजे सिवातेतेओंच्या, जवळजवळ माणसाएवढ्या भाजलेल्या मूर्ती सापडल्या. आणि या सर्वांच्या सान्निध्यात मानवी दफने व हसऱ्या मूर्तीही सापडल्या. कच्च्या मातीची ती मृत्युदेवता हलविणे अशक्य असल्याने तिला जागेवरच ठेवून भोवती वास्तू उभारण्यात आली. हसऱ्या मूर्ती सणासुदीच्या करमणुकीसाठी नसून मृत्यूच्या विधींशी निगडित होत्या, एवढे विधान या शोधानंतर बरेच निःशंकपणे करता येते. त्या विधींत हसणारा कोण होता, भक्त, देव की बळी, हा प्रश्न अद्याप खुला आहे.

या मस्तकांचा सर्वांत मोठा संग्रह हालापा येथील मानवशास्त्र संग्रहालयात असून मेक्सिको शहरातील राष्ट्रीय संग्रहालयात व न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही उत्तम नमुने आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास परदेशी बाजारात मागणी वाढल्यामुळे चोरट्या खोदकामाला ऊत आला व असंख्य मस्तके मूळ ठिकाणाच्या कसल्याही नोंदीविना विकली गेली. मेक्सिकोने १९७२ च्या कायद्याने सर्व पुरातन वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरवून त्यांची निर्यात बंद केली. बनावट मालही त्याच ओघात बाजारात शिरला. ब्रिहिदो लारा या वेराक्रूसच्या कुंभाराला १९७४ मध्ये पुरातन मूर्ती चोरल्याच्या आरोपावरून कैद झाली, तेव्हा जप्त झालेला माल आपणच घडविला आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने तुरुंगात माती मागवून तशाच मूर्ती करून दाखविल्या आणि सुटका मिळविली; पुढे हालापाच्या संग्रहालयानेच त्याला डागडुजीच्या कामावर घेतले. आपल्या हातच्या मूर्ती परदेशांतील मोठमोठ्या संग्रहांत अस्सल म्हणून मांडलेल्या आहेत, असे तो सांगत असे. तेव्हापासून ज्या मस्तकाच्या उत्खननाचे दप्तर उपलब्ध नाही, त्याचा काळ शैलीवरून न ठरविता, मातीचा कण तापवून त्यातून निघणाऱ्या प्रकाशाच्या मापनाने पडताळून पाहण्याचा प्रघात पडला आहे. या परीक्षेने भाजणीचा काळ अंदाजे कळतो; मूर्ती कोणत्या टेकाडातून, कोणाच्या दफनाजवळून उचलली, हे तीतून कळत नाही.