मरुत : बावीस सेंटिमीटरमध्ये मावलेला इतिहास

पुण्यात भांडारकर रस्त्याजवळच्या कमला नेहरू उद्यानात एक जेट विमान उभे आहे. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात त्याचे भावंड आहे. आपल्यापैकी अनेकांनी यांतले एखादे पाहिले असेल, मुलांना त्याच्यासमोर उभे करून फोटोही काढला असेल. हे एचएफ-24 मरुत, भारतात विकसित झालेले पहिले जेट लढाऊ विमान. त्याच्याविषयी कोणी बोललेच तर एका वाक्यात निकाल लागतो : “फसलेलं विमान.” गेली दोन वर्षे मी त्याची प्रतिकृती आधी संगणकावर आणि मग हाताने करतो आहे. त्या कामात हा निकाल मला अपुरा वाटू लागला, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

गोष्ट सुरू होते 1956 मध्ये. दुसऱ्या महायुद्धातले गाजलेले फोके-वुल्फ 190 विमान रचणारे जर्मन अभियंते कुर्ट टँक बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाले. त्या कारखान्यात आपले डॉ. विष्णू माधव घाटगे आधीपासून होते. मूळचे कोल्हापूरकडचे, गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. एचटी-2 हे प्रशिक्षण विमान त्यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन 1951 मध्ये उडाले होते. पंख्याच्या विमानावरून थेट ध्वनीपेक्षा वेगवान लढाऊ विमानावर जायचे, आणि तेही जेमतेम पन्नास-पंचावन्न माणसांच्या रचना विभागाच्या बळावर, असे ते धाडस होते.

मग त्यांनी काय केले? प्रतिकृती केली! मरुतच्या आकाराचे, पूर्ण मापाचे, लाकडी आणि बिनइंजिनाचे ग्लायडर. 1959 मध्ये डकोटा विमानाला दोराने बांधून ते आकाशात नेत आणि सोडून देत. हा आकार हवेत कसा वागतो, उतरताना वैमानिकाच्या हाताला कसा लागतो, हे धातूला हात लावण्याआधी कळावे हा हेतू. प्रतिकृती करणे हा पोरखेळ आहे असे मला ऐकवणाऱ्यांना मी हे ग्लायडर दाखवतो.

माझे काम अर्थातच फार लहान. खरे विमान 15.87 मीटर लांब, पंखांचा विस्तार 9 मीटर. 1:72 या प्रमाणात लांबी 22 सेंटिमीटर आणि विस्तार साडेबारा सेंटिमीटर होतो. शाळेतली फूटपट्टी त्याच्यापेक्षा लांब. स्पिटफायरचे तयार संच दुकानात सहज दिसतात, मरुतचा मला मिळाला नाही. म्हणून तीन बाजूंची रेखाचित्रे संगणकात पायाशी ठेवली, नाकापासून शेपटीपर्यंत ठरावीक अंतरावर धडाचे आडवे छेद काढले आणि ते जोडून पृष्ठभाग तयार केला.

हे छेद ओळीने पाहताना एक गोष्ट लक्षात येते. जिथे पंख सुरू होतात, तिथे धड बारीक होते, एखाद्या माणसाने कंबर आवळावी तसे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळा अचानक वाढतो. तो कमी राखायचा तर पंख आणि धड मिळून होणारे छेदाचे क्षेत्रफळ एकदम वाढून चालत नाही. पंखामुळे वाढलेले क्षेत्रफळ धडातून कमी करायचे, हा तो हिशेब. विमान पाहताना ही कंबर चटकन ध्यानात येत नाही. संगणकात आलेख काढला की लगेच दिसते.

मागचा भाग मात्र रुंद आणि चपटा आहे, कारण तिथे दोन ऑर्फियस 703 इंजिने शेजारी-शेजारी बसतात. माझ्या प्रमाणात एकेका इंजिनाचा व्यास जेमतेम 11 मिलिमीटर. मरुतची सगळी कथा या दोन नळ्यांत आहे. विमान रचले होते ऑर्फियसच्याच अधिक ताकदवान, आफ्टरबर्नर असलेल्या आवृत्तीसाठी. ब्रिटिश सरकारने त्या इंजिनाच्या विकासातून अंग काढून घेतले आणि उरलेला खर्च उचलायला भारत सरकारही तयार झाले नाही. हाताशी होते ते साधे इंजिन बसवावे लागले. नॅट हे चिमुकले विमान त्याच कुळातल्या एका इंजिनावर उडत असे. अपेक्षा ध्वनीच्या दुप्पट वेगाची होती, ती कधीच पुरी झाली नाही. पुढे इजिप्तच्या इंजिनावर प्रयोग झाले, तेही मध्येच थांबले.

17 जून 1961 रोजी पहिले मरुत उडाले. चाचणी वैमानिक होते सुरंजन दास. जानेवारी 1970 मध्ये मरुतच्याच चाचणीत त्यांचा मृत्यू झाला. एकूण 147 विमाने बांधली गेली. 1971 च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मरुतने जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ले केले. हवाई झुंजीत एकही मरुत पडले नाही, आणि एक इंजिन निकामी होऊनही दुसऱ्यावर परतलेली विमाने आहेत.

संगणकातला आकार थ्री-डी प्रिंटरवर सात तुकड्यांत छापला. प्रत्येक थराची बारीक पायरी पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासावी लागते. नाकातल्या चार तोफांची भोके सुईने कोरली. दोन आसनी मरुत करताना पोटातली रॉकेटची पेटी काढून टाकली, कारण खऱ्या विमानातही दुसऱ्या आसनासाठी तीच जागा घेतली होती. अशा वेळी रचनाकारांची ओढाताण बोटांना कळते. कुठेही एक इंच फुकट नव्हता.

म्हणून “फसलेलं” हा शब्द मला पटत नाही. आकार बरोबर होता, इंजिन मिळाले नाही. दोष एवढा नेमका सांगता आला तर पुढच्याला त्यातून काही शिकता येते. नुसत्या ‘फसलं’मधून काहीच हाती लागत नाही. एक आसनी, दोन आसनी आणि ते लाकडी ग्लायडर अशा तिन्ही प्रतिकृती मी शाळेच्या प्रयोगशाळेला देतो आहे, सोबत संगणकातली फाइलही. आपल्यापैकी जे आज शिक्षक आहेत त्यांनी ती जरूर मागून घ्यावी. मुलांना छेद काढायला लावा. कंबर त्यांची त्यांनाच सापडू द्या.