बोट आईकडंच का?



लेकरू बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, मनाविरुद्ध झालं की डोकं आपटतं. असं लेकरू घरात असलं की लोक म्हणतात, "आईनंच लाडावून ठेवलंय." हे बोट फक्त आपल्या गावातलं नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनीही ते आईकडं दाखवलं होतं. तो इतिहास आज सांगते.

१९४३ साली अमेरिकेतल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांची हकिगत लिहिली. यालाच ऑटिझम, मराठीत स्वमग्नता म्हणतात. हे उपजत असतं, असं त्यांनी तेव्हा लिहिलं. पण १९४९ मध्ये त्यांनीच आईबापांच्या थंडपणावर बोट ठेवलं, आणि पुढं कितीतरी वर्षं आयांनी तो कलंक सोसला.

तो पुसायला पालकच उभे राहिले. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. हा आजार माया कमी पडल्यानं होत नाही, याचं मूळ शरीरात आहे, असं त्यांनी १९६४ च्या पुस्तकात मांडलं. १९६५ मध्ये पालकांनी संघटना बांधली. १९६९ मध्ये कॅनर यांनी त्याच पालकांच्या सभेत आईबापांना दोषमुक्त केलं. १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून अनुवंशाचा पुरावाही मिळाला.

मुलांच्या वागण्याचंही तसंच. १९६० च्या दशकात काही ठिकाणी थपडा मारून, विजेचा झटका देऊनसुद्धा मुलांना 'वळण' लावलं जायचं. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड या अभ्यासकांनी चार मुलांकडं नीट पाहिलं. काम अवघड झालं किंवा कुणी लक्ष दिलं नाही, की ती बिथरायची. त्यांना "मला समजत नाही" यासारखं म्हणायला शिकवलं आणि त्रास खूप कमी झाला. म्हणजे ज्याला शब्द सापडत नाही, त्याचं अंगच बोलतं.

आपल्याकडं गड्डा यात्रेत दारूकामाचा आवाज झाला की असं लेकरू कान दाबून किंचाळतं. ते हट्ट करत नाही, त्याला तो आवाज सोसत नाही. म्हणून आठवडाभर लिहून ठेवा: आधी काय झालं, लेकरानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. कारण हाती लागतं. पाणी, भूक, 'नको' यासाठी एकेक खूण किंवा चित्र शिकवा. कुठं जायचं ते आधी सांगा. बिथरल्यावर मारू नका, फार बोलू नका; लागेल अशी वस्तू बाजूला करा. अचानक डोकं आपटायला लागलं तर कान, दात, पोट दुखतंय का, हे डॉक्टरांना दाखवा.

आपल्या देशात १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं. शंका असेल तर त्यांना सांगा, वय वाढायची वाट पाहू नका.

आणि गटातल्या बायांनो, अशी आई हप्त्याच्या बैठकीला येत नसेल, तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जा. तासभर तिचं लेकरू सांभाळा. दोष देणं तर सगळ्यांनाच जमतं.